एका रात्रीचं भाडं दोनदा नाही

घरातल्या खोल्या पर्यटकांना देतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "पाहुणे मिळतात का?" पाहुणा मुदतीआधी निघून गेला तर काय करता, हे कुणी विचारत नाही. आमच्या घरात मात्र सगळ्यात जास्त वाद याच गोष्टीवरून झाले आहेत.

आम्ही मुरूडचे, जंजिऱ्याच्या मुरूडचे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमची सुपारीची वाडी एका दुपारात आडवी झाली. सुपारी नव्याने लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. माझे पती तेव्हा कुवेतहून कायमचे परतलेले. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. त्या नीट करून पर्यटकांना द्यायला लागलो. एका खोलीचे रात्रीला २५०० रुपये, त्यात सकाळचे घावणे आणि चहा. जेवण सांगितलं तर वेगळं.

मराठीच्या तासाला मी मुलांना 'अतिथी' शब्दाची जुनी फोड सांगते: ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. बुकिंग करून येणाऱ्याला येण्याची तिथी असते आणि जाण्याचीही. ती जाण्याची तिथी तो मोडतो तेव्हा तो ग्राहक समजायचा की मेहमान, इथून आमचा वाद सुरू होतो.

लवकर निघण्याची कारणं बहुतेक साधी असतात. ऑफिसातून बोलावणं येतं. पोराला ताप येतो. दोन दिवसांत समुद्र पाहून होतो आणि तिसऱ्या दिवसाचा कंटाळा येतो. कुणाला शेजारच्या सुकट घातलेल्या अंगणाचा वास सहन होत नाही (हे आता मी फोनवरच सांगून टाकते, म्हणजे ज्याला जमणार नाही तो येतच नाही). एकदा नवरा-बायको रात्री दोनला दार वाजवून म्हणाले, वडील गेले. पाच मिनिटांत गाडी फाटकाबाहेर. त्यांच्या उरलेल्या दोन रात्रींचे पैसे सकाळीच परत पाठवले. त्यांचा पुन्हा फोन आला नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती.

अशा वेळी घरात एकमत असतं. प्रश्न कंटाळ्याचा आणि ऑफिसचा.

सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, वाटतं की जो झोपलाच नाही त्याच्याकडून झोपण्याचे पैसे घेऊ नयेत. पतींचं म्हणणं, त्याच्यासाठी आपण खोली अडवून ठेवली, त्या तारखांना चार जणांना नाही म्हटलं, त्याचं काय? शनिवार-रविवारची खोली रविवारी सकाळी रिकामी झाली तर तिला दुसरा कोण मिळणार? दोघांचंही पटतं, हीच अडचण.

शेवटी यांनी मौलवीसाहेबांना विचारलं. कोकणातले आम्ही बहुतेक शाफई. आमच्याकडे भाड्याचा करार दोघांनाही बांधील असतो. मालकाने जागा मोकळी करून ताब्यात दिली की पाहुणा राहो न राहो, ठरलेलं भाडं मालकाचं. माझं माहेर मराठवाड्यातलं, हनफी. तिथे खरीखुरी अडचण आली तर भाडेकरू करार मोडू शकतो. म्हणजे आमच्या घरातला वाद फार जुना निघाला. मौलवीसाहेबांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. समोरचा अडचणीत असेल आणि करारातून सोडा म्हणाला तर राजीखुशीने सोडणं, ज्याला इकाला म्हणतात, हे सवाबाचं काम आहे, पण ती सक्ती नाही. आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या मनात बसली: त्याचे पैसे ठेवायचे असतील तर त्या रात्री खोली त्याची आहे. ती दुसऱ्याला देऊन पुन्हा भाडं घेतलं तर एकच वस्तू दोनदा विकल्यासारखं होतं.

यावरून आम्ही घरचा नियम लिहिला. बुकिंगच्या वेळीच तो मी मोबाइलवर पाठवते आणि "ठीक आहे" असं उत्तर आल्याशिवाय आगाऊ रक्कम घेत नाही. राहिलेल्या रात्रींचं पूर्ण भाडं. सकाळी दहानंतर निघतो म्हणालात तर त्या रात्रीचंही पूर्ण, कारण तोवर पाण्याचा टँकर, मासळी, धुणं-पुसणं सगळं सांगून झालेलं असतं. पुढच्या रात्री खोली दुसऱ्याला गेली तर त्यांचे सगळे पैसे परत, नाही गेली तर निम्मे. गिझर, वीज, पाणी असा दोष आमचा असेल तर न राहिलेल्या सगळ्या रात्रींचे पैसे परत. घरात मयत किंवा दवाखाना असेल तर तेही सगळे परत, आणि पुरावा मागायचा नाही. शेवटची अट अम्मींची. पतींना ती धोक्याची वाटत होती. लोक खोटं सांगतील, म्हणाले. अम्मी म्हणाल्या, बापाच्या मरणाचं खोटं कोण सांगतं?

साइटवरून आलेल्या बुकिंगला हा नियम लागत नाही. तिथे किती परत द्यायचं याचा प्रकार आपण आधीच निवडलेला असतो आणि पैसे साइटकडून फिरतात. तिथे एक पथ्य मी पाळते: रद्द करायचं ते पाहुण्याने स्वतःच्या मोबाइलवरून करावं. "मॅडम, तुम्हीच करून टाका" म्हणाला तरी करायचं नाही. यजमानाने रद्द केलं की ठपका यजमानाच्या खात्यावर बसतो. आणि रजिस्टरमध्ये निघाल्याची तारीख-वेळ तिथल्या तिथे लिहायची, सही घ्यायची. जो माणूस आपल्या घरात नाही तो कागदावर आपल्या घरात राहू नये.

या सगळ्याचा खरा उपयोग मला एका दिवाळीत कळला. एक कुटुंब ओळखीच्या ओळखीतून आलं होतं, तीन रात्रींसाठी. फोनवर त्यांना "शाळेतल्या मॅडमचं घर" एवढंच माहीत होतं. रात्री उशिरा पोचले. सकाळी आजींनी फाटकावरची उर्दू-मराठी पाटी पाहिली, अम्मींना दुपट्टा डोक्यावर घेऊन अंगणात बसलेलं पाहिलं. नऊला मुलाचे वडील खाली आले. मुलाला बरं वाटत नाही, निघावं लागेल. मुलगा तेव्हा आमच्या मांजरीमागे पळत होता.

खरं कारण काय होतं ते मी सांगू शकत नाही. कदाचित मुलाला रात्री खरंच उलटी झाली असेल. अशा वेळी मनात जे येतं ते मुसलमान वाचकांना सांगायला नको, आणि इतरांनी थोडा विचार केला तर त्यांनाही कळेल. नियम नसता तर मी त्यांच्या चेहऱ्यात उत्तर शोधत बसले असते आणि त्या उत्तरावर पैसे ठरवले असते. रागाने एक रुपया दिला नसता, किंवा आम्ही कसे मोठ्या मनाचे हे दाखवायला सगळेच दिले असते. दोन्ही वाईट. त्यांना मी तेच सांगितलं जे कुणालाही सांगते: कालची रात्र पूर्ण, दहाच्या आत सांगितलंत म्हणून आजची मोजत नाही, उरलेल्या दोन रात्री खोली गेली तर ५००० परत, नाही गेली तर २५००. डॉक्टरांचा पत्ता दिला. दिवाळी होती, संध्याकाळी खोली गेली. ५००० पाठवले. "थँक्स" आलं.

आता एकच बाब अडली आहे. वारा वाढला की राजपुरीहून जंजिऱ्याला होड्या सोडत नाहीत. किल्ला पाहायलाच आलेले लोक मग दुसऱ्याच दिवशी निघतात. वारा हा दोष ना आमचा ना त्यांचा. पती म्हणतात, निम्मे. अम्मी म्हणतात, समुद्राचे पैसे आपण का ठेवायचे? मागच्या जानेवारीत असे दोघे गेले तेव्हा निम्मेच परत दिले. अम्मी तेव्हापासून तो विषय रोज जेवताना काढतात, आणि पती भाकरीकडे बघत गप्प बसतात.