जम्मू ते श्रीनगर : चुरगळलेल्या दगडांची वाट

विमानाने श्रीनगरला गेलं की थेट दल सरोवर दिसतं. रस्त्याने गेलं की डोंगर कसा बनला ते दिसतं. मे महिन्याच्या सुटीत आम्ही रस्ता धरला, तेव्हा घरात सगळ्यांचीच कुरकुर होती. सासूबाईंना गाडी लागते, मुलांना उकाडा सोसत नाही. पण शाळेत उर्दू-मराठीबरोबर भूगोलाचा तासही माझ्याच वाट्याला येतो, आणि फळ्यावर हिमालय काढून काढून मी कंटाळले होते. तो एकदा डोळ्यांनी पाहायचा होता.

आपण महाराष्ट्रातली माणसं डोंगर म्हणजे सह्याद्री असं समजून मोठी होतो. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या रूपात बाहेर आला. थरावर थर पसरत गेले. आजही कुठल्याही घाटात ते थर रचलेल्या भाकऱ्यांसारखे आडवे दिसतात. पुढे पाऊस आणि नद्यांनी ते कापले, पण कुणी मुरगाळले नाहीत.

जम्मू सोडून उधमपूरकडे निघालो की हे चित्र बदलतं. वाळूखडक आणि मातीखडकाचे थर इथे कलते आहेत. काही ठिकाणी तर कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे. धाकट्याने विचारलं, "अम्मी, यांना कुणी ढकललं?" प्रश्न अगदी बरोबर होता. हा शिवालिक. हिमालयातून नद्यांनी आणलेला गाळ त्याच्याच पायथ्याशी साठला, त्याचा दगड झाला, आणि मग तोही ढकलला गेला.

ढकलणारी आपलीच जमीन आहे. भारताचं भूपट्ट एके काळी दक्षिण गोलार्धात होतं. तिथून ते उत्तरेला सरकत आलं, काही काळ वर्षाला १५ सेंटिमीटरहूनही जास्त वेगाने, आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडलं. मधल्या समुद्राचा तळ आशियाखाली गेला आणि त्यावरचा गाळ दोन्हींच्या मध्ये दाबला गेला. दस्तरख्वान एका बाजूने रेटला की त्याला घड्या पडतात, तशा जमिनीला पडल्या. रेटा अजून थांबलेला नाही. भारत आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. आपली नखं वाढतात साधारण त्याच चालीने.

दगडाला घडी कशी पडते, हा प्रश्न वर्गातही येतो. मी मेणबत्तीचा दाखला देते. थंड मेणबत्ती झटकन वाकवली तर मोडते; हातात धरून ऊब देत हळूहळू वाकवली तर वाकते. जमिनीखाली दहा-पंधरा किलोमीटरवर उष्णता आहे, वरचं ओझं आहे, आणि वेळ तर लाखो वर्षांचा. तिथे दगड वाकतो. वर, थंड जागी, तो तुटतो आणि तुटलेला तुकडा दुसऱ्यावर चढतो. जम्मूहून काश्मीरला जाताना आपण असे चढलेले कित्येक तुकडे ओलांडतो.

चेनानी-नाशरीच्या ९ किलोमीटरच्या बोगद्याने पटनीटॉपचा चढ वाचतो. डोंगर पाहायला निघालेल्याला मात्र तो बोगदा म्हणजे झाकलेलं पान. पुढे रामबनला चिनाबच्या कडेने रस्ता जातो. इथला खडक पापुद्र्यापापुद्र्यांचा, इतका चेपलेला आणि चिरडलेला की हाताने सुटतो. दर पावसात हा रस्ता बंद पडल्याची बातमी येते, त्याचं निम्मं कारण इथे डोळ्यांपुढे असतं. आम्हीही दोन तास दरड काढायची वाट पाहत थांबलो. नमकीनचे पुडे तिथेच संपले.

बनिहालनंतर पीर पंजाल ओलांडला की खोरं उघडतं. या रांगेत आणि श्रीनगरच्या तख्त-ए-सुलेमान टेकडीत मला ओळखीचा दगड भेटला. लाव्हाचाच, पण सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या काळ्या दगडाचा जुना नातेवाईक म्हणा. फरक असा की याला मार बसला आहे : थर तिरके, रंग हिरवट.

पांपोरला केशराची शेतं ज्या सपाट उंचवट्यांवर आहेत त्यांना करेवा म्हणतात. पीर पंजाल उचलला जाऊ लागला तेव्हा पाणी अडून खोऱ्यात मोठं सरोवर झालं. त्याचा गाळ म्हणजे करेवा. पीर पंजालच्या बाजूला हेच गाळाचे थर उंच चढलेले आणि कललेले सापडतात. म्हणजे सरोवर भरत होतं तेव्हाही डोंगर वाढतच होता.

आणि वाढताना तो अधूनमधून हादरतो. ८ ऑक्टोबर २००५, रमजानचा महिना, सकाळची वेळ. ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने मुझफ्फराबाद आणि बालाकोट उद्ध्वस्त झालं. इकडे उरी आणि टंगडारलाही मोठी हानी झाली. त्या सकाळी मुलं वर्गात होती, आणि हजारो मुलं शाळांच्या छताखाली गेली. शिक्षिका म्हणून या ओळीवरून मला पुढे जाता येत नाही. भूकंपाने जमीन हलवली. मुलांवर पडलं ते माणसांनी बांधलेलं छत.

म्हणून श्रीनगरच्या जुन्या शहरात मी बागांपेक्षा भिंती जास्त पाहिल्या. तिथे दोन जुन्या पद्धती आहेत. एक 'ताक' (आपलं प्यायचं ताक नव्हे, उर्दूतला कोनाड्याचा ताक). त्यात जाड विटांच्या खांबांमध्ये खिडक्या असतात आणि दर मजल्यावर भिंतीतून लाकडी वासे आडवे फिरवलेले असतात. दुसरी 'धज्जी-देवारी'. धज्जी म्हणजे कापडाची चिंधी. लाकडाच्या चौकटीत लहान लहान कप्पे करून त्यात मातीत विटा किंवा दगड बसवतात, गोधडीसारखे. धक्का बसला की प्रत्येक कप्पा थोडा थोडा घासतो, तडकतो, पण भिंत एकसंध कोसळत नाही. २००५ नंतर पाकिस्तानातही पुनर्बांधणीसाठी या पद्धतीला सरकारी मान्यता मिळाली.

माझं माहेर उमरग्याकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा मी शाळकरी होते. हिमालय तिथून दीड हजार किलोमीटर दूर, पण भारताच्या पट्टावर येणारा ताण त्याच टकरीचा. तीव्रता ६.२, म्हणजे काश्मीरपेक्षा कितीतरी कमी. तरी हजारो माणसं गेली, कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतींना एकत्र बांधून ठेवणारं काहीच नव्हतं.

भावाने माहेरच्या जुन्या दगडी भिंतींवरच स्लॅब टाकायचा बेत केला आहे. श्रीनगरहून मी त्याला धज्जीच्या भिंतीचे फोटो पाठवले आणि फोनवर सांगितलं की स्लॅब थांबव, आधी भिंती बघ. नव्या बांधायच्या तर जोत्याला आणि दरवाजांच्या वर चारी बाजूंनी सळयांचा पट्टा फिरव. "आपा, खर्च किती वाढेल?" एवढंच त्याने विचारलं. जुम्म्यानंतर गवंड्याला आणि एका इंजिनिअरला घरी बोलावलंय.