निळी मोटार

नोव्हेंबर १९३८. व्हिएन्नातील एका ज्यू मुलाचा नववा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. भेट मिळालेली निळी मोटार घरात फिरत असायची. त्या संध्याकाळी दारावर थापा पडल्या आणि पोलिसांनी कुटुंबाला घराबाहेर काढले. काही दिवसांनी ते परतले, तेव्हा मौल्यवान वस्तूंबरोबर खेळणीही नाहीशी झाली होती.

एरिक कॅन्डल हा तो मुलगा. पुढे अमेरिकेत मनोविश्लेषक होण्याच्या ओढीने ते वैद्यकाकडे वळले. फ्रॉइडने १८९५ मध्ये मनाला मज्जापेशींच्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न करून तो अर्धवट सोडला होता. कॅन्डल यांनी त्याच प्रश्नाचा माग समुद्री गोगलगायीच्या सुमारे २०,००० मज्जापेशींत घेतला. वारंवार बसलेल्या धक्क्याने पेशींमध्ये नवे जोड वाढतात. आघात देहात मुरतो, तो असा. या संशोधनासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु गोगलगायीला हरवलेली मोटार नसते. ठसा कसा उमटतो, हे प्रयोगशाळा सांगते. त्याचा अर्थ माणसाला बोलूनच शोधावा लागतो. आणि बोलणे हेही शिकणेच असल्याने तेही मेंदू बदलते, असे कॅन्डल मानीत.

२००६ च्या आत्मकथनात त्या थापा त्यांना अजून जाणवतात. त्या पुसल्या गेल्या नाहीत. मात्र आयुष्यभराचा प्रश्न त्यांतूनच घडला. माणसाचे स्वातंत्र्य विस्मरणात नसते, ते बहुधा एवढेच असते.