कोणी?

मंगळवारी दुपारनंतर आमच्या कचेरीत कोणी मोठ्यानं बोलत नाही. अंक बुधवारी रात्री छापायला जातो, गुरुवारी पोस्टात पडतो आणि लांबच्या तालुक्यातल्या वर्गणीदाराच्या हाती सोमवारी-मंगळवारी लागतो. तोवर बातमी त्यानं टीव्हीवर पाहिलेली असते, टपरीवर तिच्यावरून वादही घालून झालेला असतो. तरीही तो आमचा अंक उघडतो, कारण घडलं ते कुणी घडवलं आणि कसं, हे त्याला अजून कळलेलं नसतं. 27 वर्षं मी राजकीय साप्ताहिकात इतरांच्या लेखांवरून हात फिरवतो आहे. त्यातला बराच काळ एकाच गोष्टीच्या शोधात गेला: वाक्यातला कर्ता.

ही सवय मला आमच्या जुन्या संपादकांनी, भाऊंनी, लावली. माझ्या पहिल्याच लेखात मी लिहिलं होतं, ‘पाझर तलावाचं काम थांबवण्यात आलं.’ भाऊंनी ‘थांबवण्यात आलं’भोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘कोणी?’ मला उत्तर देता येईना. एसटीनं परत गेलो, दोन दिवस राहिलो. ठेकेदार म्हणाला, बिल निघत नाही. बिल निघत नव्हतं कारण मोजमाप पुस्तिकेवर उपअभियंत्यानं सही केली नव्हती. सही केली नव्हती कारण भिंतीचं एक टोक ज्या शेतात जात होतं, त्या बाईला जमिनीचा मोबदलाच मिळालेला नव्हता आणि ती बांधावर येऊन बसली होती. काम तिनं थांबवलं होतं. माझ्या पहिल्या लेखात ती कुठेच नव्हती. ती सापडल्यावर लेखाचा विषयच बदलला.

‘-ण्यात आले’ ही सरकारी मराठीची देणगी आहे. निर्णय घेण्यात येतो, निधी वर्ग करण्यात येतो, चौकशीचे आदेश देण्यात येतात. व्याकरणाच्या दृष्टीनं ‘मंत्र्यांनी निर्णय घेतला’ हाही कर्मणी प्रयोगच. पण त्यात मंत्री वाक्याच्या तोंडाशी उभे असतात, वाचक त्यांना पाहू शकतो. ‘निर्णय घेण्यात आला’ म्हटलं की ती जागा रिकामी होते, आणि भाषा इतकी गुळगुळीत असते की रिकामी जागा खुपतही नाही. परिपत्रकाला हे चालत असेल. आपण तेच वाक्य उचलून लेखात ठेवतो, तेव्हा लपवणाऱ्याचं काम आपण करत असतो. हे मला फार मनापासून वाटतं.

पुण्याहून 1961 साली सुरू झालेल्या श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’चे जुने अंक मी नव्या मुलांना वाचायला देतो. त्यात लिहिणारे अनिल अवचट डॉक्टरकी शिकलेले. पण त्यांचं ‘पूर्णिया’ हे पुस्तक 1969 सालचं असूनही आज वाचताना कोण कुणाच्या जमिनीवर राबतं आणि धान्य कुणाच्या घरी जातं, हे विचारावं लागत नाही. विशेषणं त्यांनी फारशी वापरलीच नाहीत. माणसं आणि क्रियापदं पुरली.

मात्र कर्त्याचं नाव मागणं पुण्यात बसून सोपं असतं, हे मला उशिरा कळलं.

आमचे बहुतेक लेखक पत्रकार नाहीत. तालुक्याच्या कोर्टातले वकील, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, चळवळीतल्या बाया आणि पुष्कळसे शिक्षक. मानधन एवढंसं, तेही उशिरा. त्यातल्या सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या नोकरांना सेवेचे वर्तणूक नियम लागू असतात. सरकारच्या धोरणावर उघड टीका करता येत नाही. म्हणून ते टोपणनावानं लिहितात. राजकीय साप्ताहिकांत आद्याक्षरांची परंपरा आहेच. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त अशोक मित्र ‘ए. एम.’ म्हणून लिहीत, ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार गो. पु. देशपांडे ‘जी. पी. डी.’ म्हणून. पण ती अक्षरं कुणाची, हे वाचकाला ठाऊक असे. ती सही होती. शिक्षकाचं टोपणनाव ही त्याची भिंत असते.

मराठवाड्यातले एक सर आम्हाला असे लिहायचे. एका उन्हाळ्यात त्यांनी टँकरवर लेख पाठवला. नोंदवहीत रोज 4 खेपा, गावात प्रत्यक्षात 2; सरांनी 11 दिवस शाळेच्या ओट्यावरून मोजल्या होत्या. लेख उत्तम होता, फक्त ‘खेपा जास्त दाखवल्या जातात’ असं वाक्य होतं. मी फोन केला. ‘सर, दाखवतं कोण?’ ते जरा थांबले. मग त्यांनी पद सांगितलं, नाव सांगितलं नाही. मी पद छापलं. वाक्य फार चांगलं झालं, असं मला तेव्हा वाटलं.

त्या गावात त्या पदावर एकच माणूस होता. आणि शाळेच्या ओट्यावरून दिवसभर रस्ता दिसणारा माणूसही एकच होता. टोपणनाव चार दिवसही टिकलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी सरांची बदली झाली, 70 किलोमीटरवर. कागदावर कारण प्रशासकीय होतं. आदेशाची प्रत त्यांनी मला पाठवली. त्यात लिहिलं होतं, ‘बदली करण्यात येत आहे.’

मी भेटायला गेलो. सरांनी चहा केला, मला एका शब्दानंही बोलले नाहीत, हे अजून टोचतं. त्यांच्या पत्नी मात्र म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही विचारलंत ते बरोबरच होतं. पण छापायच्या आधी आणखी एकदा विचारायचं होतं.’

‘ओट्यावरून’ हा शब्द मला काढता आला असता. 11 दिवस कुणी मोजलं, ते झाकून खेपा कोण लिहितं ते उघड ठेवता आलं असतं. लेखात दोन कर्ते होते आणि मी एकाकडेच पाहत होतो.

आता मी लेखकाला छापील पान पाठवतो आणि सांगतो, हे तुमच्या गल्लीतला माणूस वाचतो आहे असं समजून वाचा. तुम्ही कुठे दिसता ते मला सांगा. याला वेळ लागतो. कधी अंकातलं पान ऐनवेळी बदलावं लागतं.

आज असंच झालं. सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीनं ऊसतोड कामगारांच्या उचलीवर, म्हणजे त्यांना मिळणाऱ्या आगाऊ रकमेवर, लिहिलंय. मुकादमानं कोणाला किती उचल दिली, फेडीचा हिशेब कोणाच्या वहीत राहतो, सगळं नीट आहे. एका वाक्यात ‘कोयत्यांना अडवून ठेवण्यात आलं’ असं होतं; कोयता म्हणजे ऊस तोडणारी जोडी. मी समासात ‘कोणी?’ लिहिलं आणि पान तिला पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

‘नाव माहीत आहे, सर. पण ज्या बाईनं सांगितलं ती अजून त्याच फडात आहे. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपायला महिना आहे.’

मी म्हटलं, ‘मग महिनाभर थांबू या.’

पान रिकामं झालं तिथे सहकारी बँकांवरचा एक लेख लावला. तिचं प्रूफ खणात ठेवलंय, समासातल्या लाल शाईसकट.