भूभूचं तिकीट काढलं का?

‘काय? कुत्र्याने पळायचे पैसे?’

फोनवर आई जवळजवळ किंचाळलीच. तिकडे पुण्यात सकाळ, इकडे मिनियापोलिसमध्ये माझी रात्र. वर्ष २०१२. कंपनीने ऑनसाइटला धाडलेलं. भाडं परवडावं म्हणून मी एका अमेरिकन मुलीबरोबर फ्लॅट शेअर केला आणि तिच्याबरोबर पॅकेज डीलमध्ये हेन्री आला. हेन्री म्हणजे चाळीस किलोंचा पिवळाधमक लॅब्रॅडॉर. माझ्या सॉक्सवर त्याचं विशेष प्रेम.

‘अगं, परमिट असतं वर्षाचं. डॉलरमध्ये.’

‘आणि माणसांना?’

‘माणसांना फुकट.’

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘मग त्याला माणूस म्हणून ने!’

आईला पटवायला मला बरेच फोन लागले. खरं सांगायचं तर आधी मलाही ते डोक्यात गेलं होतं. मिनियापोलिसमध्ये कुत्र्यांना मोकळं सोडायची पार्क्स ठरलेली आहेत. आत गेलं की पट्टा काढायचा, मग धिंगाणा! पण त्याआधी परमिट हवं आणि परमिटसाठी रेबीजची लस टोचल्याचा पुरावा हवा. शहरात राहणाऱ्यांना रेट कमी, बाहेरच्यांना जास्त. आमचा फ्लॅट हद्दीपासून पाच मिनिटांवर, पण पलीकडे. म्हणजे आपल्याकडे कसं, औंधवाला पुणे महापालिकेचा आणि सांगवीवाला पिंपरी-चिंचवडचा, मध्ये फक्त नदी! तर हेन्री सांगवीचा ठरला आणि जास्त पैसे भरते झालो आम्ही.

आमचं लाडकं ठिकाण मिनेहाहाचं डॉग पार्क. दाट झाडी, खाली उतरत गेलं की थेट मिसिसिपीचा वाळूचा काठ. हेन्री पाण्यात सूर मारायचा आणि बाहेर येऊन नेमका माझ्याच शेजारी अंग झटकायचा. तिथे दारात कुणी बसलेलं नसायचं. ना खिडकी, ना तिकीट फाडणारे काका. वर्षातून एकदा कागद दाखवून परमिट घ्यायचं की संपलं. ते पैसे म्हणजे एन्ट्री फी नव्हतीच. ती नोंदणी होती. ‘हा कुत्रा कुणाचा, त्याला लस आहे का, उद्या चावला तर कुणाला विचारायचं’, एवढ्याची सोय. मला ते सॉलिड आवडलं.

त्या शहराचं आणखी एक भारी आहे. बागा सांभाळायला तिथे १८८३ पासून वेगळं पार्क बोर्ड आहे आणि त्याचे नऊ सदस्य लोक मतदान करून निवडतात. बागांसाठी स्वतंत्र इलेक्शन! हे ऐकून मात्र आई खूश झाली. म्हणाली, सारसबागेसाठी मी उभी राहीन.

पुढे प्रोजेक्ट बदलला आणि काही महिने सिएटलजवळ रेडमंडला काढले. तिथे मेरीमूर पार्क आहे. त्यातला कुत्र्यांचा भागच चाळीस एकरांचा! तिथला फंडा वेगळा. कुत्र्याला परमिट नाही, पण गाडी लावायचा त्या वेळी एक डॉलर घ्यायचे. सगळ्यांकडून. आमच्या ऑफिसातली देशी गँग त्याच पार्कात क्रिकेट खेळायला यायची, तीही डॉलर भरायची. कुत्रेवाले वेगळे, बाकीचे वेगळे अशी भानगडच नाही. आणि कुत्र्यांच्या भागाची देखभाल कोण करणार, तर कुत्रेवाल्यांचीच स्वयंसेवी संस्था. तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की शब्द होतो ‘सोडा’. मोकळ्या कुत्र्यांच्या पार्कासाठी याहून चांगलं मराठी नाव मला तरी सुचत नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गोटी.

गोटी माझी. तीन वर्षांची, रस्त्यावरून घरात आलेली, एक कान उभा आणि एक आडवा. आम्ही आता पुण्यात राहतो आणि पुण्यात कुत्रा पाळणं म्हणजे सकाळ-संध्याकाळ ‘कुठे न्यायचं’ हे टेन्शन पाळणं. बागेच्या गेटवर बोर्ड असतो, कुत्र्यांना सक्त मनाई. बागांमध्ये अशी सरसकट बंदी नको, वेळा ठरवून घ्या, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. पण गेटवरच्या वॉचमनला त्या सूचना वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. तुमची असेल तर जरूर दाखवा.

आमच्या सोसायटीमागे महापालिकेची एक ॲमेनिटी स्पेस आहे. अर्धी गवत, अर्धी राडारोडा. संध्याकाळी सहाला तिथे आमची कुत्रेमंडळी जमते. दोन बीगल, एक गोल्डन रिट्रीव्हर, एक स्वतःला अल्सेशियन समजणारा पॉमेरेनियन आणि गोटी. तर या जागेवर रीतसर डॉग पार्क करा, असा अर्ज वॉर्ड ऑफिसला द्यायचं आमच्या ग्रुपवर ठरलं. मी दोन्ही हातांनी अंगठे दाखवले. मग अर्जाचा मसुदा आला. त्यातला चौथा मुद्दा असा : प्रवेशासाठी प्रत्येक कुत्र्यामागे पन्नास रुपये शुल्क ठेवावे, आम्ही ते देण्यास तयार आहोत, जेणेकरून नको ती कुत्री येणार नाहीत.

नको ती कुत्री. म्हणजे टायगर.

टायगर आमच्या गेटजवळच्या इस्त्रीवाल्या काकांचा. काकांचा कसला, त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीचा. रोज संध्याकाळी ती त्याला ओढणीचा पट्टा करून आणते. गोटीशी सर्वात चांगलं खेळतो तो टायगरच. बीगल येतात, भुंकतात, जातात. एकदा मी सहज विचारलं, ‘याला इंजेक्शन दिलंय का गं?’ तर पळत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याचं लसीचं कार्ड घेऊन आली. त्याच पिशवीत तिचं प्रगतिपुस्तकही होतं. आमच्या ग्रुपातल्या किती जणांना आपल्या कुत्र्याचं कार्ड दोन मिनिटांत सापडेल, हा प्रश्न मी विचारणार होते. विचारला नाही. सोसायटीत राहायचंय मला!

हिशेब मात्र करून पाहिला. काका एका शर्टाचे दहा रुपये घेतात. म्हणजे टायगरच्या एका संध्याकाळसाठी पाच शर्ट. महिन्याचे दीडशे.

‘अगं, पण पु. ल. देशपांडे उद्यानाला पण तिकीट आहेच ना?’ एका मैत्रिणीने विचारलं. आहे ना. मीही काढते. पण तिथे आपण पाहुणे आले की जातो, फोटो काढतो, परत येतो. कुत्र्याला रोज जायचं असतं. रोजच्या गरजेला तिकीट लावलं की ज्याला परवडत नाही त्याची गरज थोडीच संपते? तो कुत्रा मग रस्त्यावर पळतो, दुचाकींच्या मागे.

आणि पैसे घेतले की जागा नीट राहते, हाही जरा गैरसमजच. याचा एक मस्त किस्सा अर्थशास्त्रात आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकीनी यांनी इस्रायलमधल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास केला, तो २००० मध्ये छापून आला. मुलांना न्यायला आई-बाप उशिरा यायचे, म्हणून त्यातल्या सहा पाळणाघरांनी दंड लावला. झालं काय? उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले! आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता तर पैसे भरले होते. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर काही कमी झाला नाही. लाज एकदा गेली की गेली.

आत्ता आमच्या मैदानावर कुत्र्याने केलेलं आपण उचलतो, कारण समोर पाच जण बघत असतात. उद्या पन्नास रुपये भरल्यावर कोण उचलेल? ‘तिकीट घेतात ना, माणूस ठेवा की!’ ही वाक्यं कुणाच्या तोंडून येतील त्यांची नावंसुद्धा मी आत्ता सांगू शकते. एक माझ्याच नवऱ्याचं आहे.

पैसे लागतात हे कबूल. जाळी, पाणी, पावसाळ्यातला चिखल, काही फुकट होत नाही. पण त्यासाठी नवं तिकीट कशाला? कुत्र्याचा परवाना काढणं पुणे महापालिकेच्या नियमाने बंधनकारक आहेच, आणि त्यालाही रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं. आपल्यातले बहुतेक लोक तो काढत नाहीत, ही गोष्ट वेगळी. मी गोटीचा काढला तेव्हा एका पिझ्झ्याहून कमी पैसे लागले. तोच परवाना पार्काचा पास समजा. वर्षातून एकदा, सगळ्यांना सारखा. बीगललाही आणि टायगरलाही.

मग मी चौथा मुद्दा खोडून नवा लिहिला : परवाना असलेल्या कोणत्याही कुत्र्याला प्रवेश, दारात पैसे नाहीत, साफसफाईच्या पाळ्या आमच्या. ग्रुपवर दोन दिवस सन्नाटा. तिसऱ्या दिवशी एकाने लिहिलं, ‘सगळ्यांना घेतलं तर स्टँडर्ड काय राहणार?’ पॉमेरेनियनवाल्या आजोबांनी, जे एरवी फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात, उत्तर दिलं, ‘माझा कुत्रा रोज टायगरचं ढुंगण हुंगतो. त्याला चालतंय.’

त्यानंतर सह्या यायला लागल्या. आत्तापर्यंत एकोणीस झाल्यात. बीगलवाल्यांनी अजून केलेली नाही.

काल अर्ज घेऊन इस्त्रीच्या टपरीवर गेले. काकांनी वाचला, हळूहळू, बोट फिरवत. मग विचारलं, ‘मॅडम, मी तर सोसायटीत राहत नाही. माझी सही चालते?’

‘जागा महापालिकेची आहे काका. चालते.’

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले, पूर्ण नाव लिहून सही केली. पुढे कुत्र्याच्या नावाचा रकाना होता. तो भरायला त्यांनी मुलीला हाक मारली. सोमवारी अर्ज वॉर्ड ऑफिसात देणार आहोत. आणि बुधवारी टायगरचा परवाना काढायला जायचंय. तिला शाळेला सुट्टी आहे, ती सोबत येते म्हणालीय.