वाईटपणा कुणाच्या सहीवर

अमरावती विभागातले, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाण्याचे आमचे कार्यकर्ते महिन्याला एकत्र बसतात. कुणी कुबडी लावून येतो, कुणी पांढरी काठी घेऊन, कुणी गतिमंद मुलाची आई असते. त्यांची कामं वाटून देणं, अहवाल घेणं हे माझं काम. पगारपत्रकात तरी तसंच लिहिलंय.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले. त्यात सिकलसेल आला, ही मेळघाटासाठी मोठीच गोष्ट. पण बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि सिकलसेलची कळ काही वैद्यकीय बोर्डाची तारीख बघून येत नाही. रात्र रात्र सांधे धरून विव्हळणारी पोरगी मेळघाटातल्या धारणीहून घाट उतरून जिल्हा रुग्णालयात पोचते, तेव्हा नेमकी हिंडती-फिरती असते. "आता दुखतंय का?" असं विचारलं की खरं तेच सांगते, नाही. म्हणून आमची धारणीची कार्यकर्ती फाइल स्वतः लावते. रक्त चढवल्याचे कागद सगळ्यांत वर, त्याखाली भरती झाल्याचे केसपेपर, मग शाळेच्या गैरहजेरीची नोंद. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिच्या घरातच हा आजार आहे.

अशी एक फाइल खिडकीवरून परत आली. मी म्हटलं, लेखी तक्रार करू, थेट पुण्याला आयुक्तालयात. ती म्हणाली, "भांडण तं करता येते ताई, पण पुढच्या बोर्डाले आपल्याले त्याच खिडकीवर जा लागते. अन् तो बाबू माह्या मावसभावाच्या गावचा हाय."

दाखला मावसभावामुळे निघाला. मला ते खुपलं. ज्याला मावसभाऊ नाही त्याने काय करायचं? ओळखीने सुटलेलं काम पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. पण तालुक्यात राहणाऱ्या बाईला रोज भांडायला लावणं हाही लांबून केलेला शहाणपणाच. तेव्हापासून तक्रारी आमच्या विभागाच्या नावाने, माझ्या सहीने जातात. खाली सगळ्यांना सांगून ठेवलंय, बिनधास्त म्हणा, "साहेब, मी काय करू, वरून आलंय!" सरकारी कचेऱ्यांचंच वाक्य त्यांना परत करण्यात जरा मजाही आहे.

वाशीमचं काम बघणाऱ्या भाऊंना हे बिलकूल पटत नाही. लहानपणीच्या पोलिओपासून ते कॅलिपर वापरतात. त्यांचं म्हणणं, "हक्क आमचा, अन् भांडाल तुम्ही? मग आम्ही काय नुसते फॉर्म भरायचे?" याला माझ्याकडे धड उत्तर नाही. अहवालाच्या नमुन्यात दाखल्यांची संख्या भरायला रकाना आहे. कोण कुणाशी कशासाठी भांडलं, याला नाही.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्याचा हिशेब भाऊंनी आपल्याच गावात मागितलाय. ग्रामसेवक रोज पारावर भेटतो, तरीही. पत्रावर सही त्यांची स्वतःची. माझ्याकडे फक्त शासन निर्णयाची प्रत मागितली, तीही व्हॉट्सॲपवर, "लवकर पाठवा" असं बजावून.