मुळाशी थेंब थेंब

आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून उसाचं रान दिसतं. भंडारदरा धरण 1926 साली पुरं झालं, तेव्हापासून प्रवरेचं पाणी या भागात खेळतंय; आणि रात्रभर मोकाट पाणी देऊन चोपण झालेल्या जमिनीही इथल्याच. आता रानात ठिबकच्या काळ्या नळ्या पसरल्यात. फार्मसीच्या मुलांना मलम आणि जेल शिकवताना मी त्यांना या खिडकीशी उभं करते. पाणी तेवढंच असतं. ते कुठे पडतं आणि किती सावकाश, यावर पीक ठरतं.

पुटकुळीचं मूळ केसाच्या छिद्रात असतं. तिथल्या मृत पेशी चिकटून बूच बसतं, आत तेलकट स्राव साचतो, जंतू वाढतात, सूज येते. अ‍ॅडापॅलीन, ट्रेटिनॉइन ही औषधं ते बूच बसू देत नाहीत. ट्रेटिनॉइनला अमेरिकेत परवानगी मिळाली 1971 साली, म्हणजे औषध जुनंच. पण छिद्राच्या आजूबाजूच्या निरोगी कातडीवरही ते पसरतं. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा लाल होतो, सोलतो, चुरचुरतो. नीट गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर धीर धरायचा कोणी?

एम.फार्म.ला माझ्याकडे पाथर्डीकडची एक मुलगी होती. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. विषय ठरवायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, अ‍ॅडापॅलीनची ट्यूब मी दुसऱ्याच आठवड्यात सोडली होती. बहिणीचं लग्न होतं, तोंड सोलत होतं." मग मेडिकलवाल्याने दुसरं क्रीम दिलं, चार दिवसांत चेहरा नितळ झाला. त्यात स्टेरॉइड होतं. ते थांबवल्यावर पुटकुळ्या दुपटीने उठल्या. अशी बरीच क्रीम 2018 साली शेड्यूल एचमध्ये आली, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरलं. तरी मला वर्गात दरवर्षी असा एखादा चेहरा दिसतोच, आणि दरवर्षी तेवढंच वाईट वाटतं.

तिने विषय घेतला अ‍ॅडापॅलीनचे लिपिड नॅनोकण: औषध बारीक स्निग्ध कणांत कोंडायचं, म्हणजे ते छिद्रातच सावकाश सुटेल. ऐकायला भारी वाटतं, काम मात्र स्वयंपाकाच्या जवळचं. ग्लिसरिल मोनोस्टिअरेट हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ सत्तर-पंच्याहत्तर अंशांवर वितळवायचा, त्यात औषध विरघळवायचं. दुसऱ्या बीकरमध्ये ट्वीन हा साबणासारखा पदार्थ घातलेलं पाणी, तेवढंच गरम. पाणी जरा निवलेलं असलं की मेणाच्या गाठी होतात. दोन्ही एकत्र जोरात घुसळायचं, मग प्रोब सोनिकेटर लावायचा. कानात घुसणारा तो आवाज सुरू झाला की दुधासारखं पांढरं मिश्रण हळूहळू पातळ दिसू लागतं, आणि उजेडात धरलं तर कडेला निळसर झाक येते. ती झाक दिसली की कण बारीक झाले, हे मशीनच्या आधी डोळा सांगतो. निवल्यावर कण घट्ट होतात, औषध आत कोंडलं जातं. मग आदल्या रात्री भिजवलेल्या कार्बोपॉलच्या जेलमध्ये ते मिसळायचे.

माटुंग्याच्या आयसीटीतल्या प्रा. वंदना पत्रावळे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ट्रेटिनॉइनचे असे कण करून 2007 साली निबंध छापला होता. सशांच्या कातडीवर त्यांच्या जेलने बाजारातल्या क्रीमपेक्षा बरीच कमी आग केली, आणि उजेडात पटकन बिघडणारं ते औषध कणांत जास्त टिकलं. मी तो निबंध प्रत्येक तुकडीला वाचायला लावते. त्याच वर्षी बर्लिनच्या लाडेमान यांच्या गटाने डुकराच्या कातडीवर दाखवलं, की 320 नॅनोमीटरचे कण केसाच्या छिद्रात, कणांत न बांधलेल्या रंगापेक्षा, खोल जातात. पण चोळलं तरच. न चोळता नुसतं लावलं तर फरक पडला नाही. केसावरचे खवले हालचालीबरोबर कणांना आत ढकलत असावेत, असं त्यांचं म्हणणं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नॅनो म्हटलं की मुलं आकडा खाली आणायच्या मागे लागतात. पण आकार छिद्राला जुळायला हवा. कण आत राहिला, तिथेच थोडं थोडं औषध सोडत राहिला, तर उपयोग.

आमची पहिली चांगली बॅच मार्चमध्ये झाली. कणांचा आकार मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ती मुलगी नमुना मांडीवर धरून एसटीने पुण्याला गेली. आकडा अडीचशे नॅनोमीटरच्या आसपास आला. मग आम्ही बरणी कपाटात ठेवली, आणि तिथे चूक माझी झाली. नगरचा मे महिना, सुट्टीत बंद खोली. जूनमध्ये उघडली तर मिश्रण दाटलेलं, बोटाला रवाळ लागत होतं. मेणाचे स्फटिक जसजसे नीटस रचले जातात, तसतशी आतली जागा संपते आणि औषध बाहेर ढकललं जातं. पुस्तकातून मी हे वीसदा शिकवलं होतं. बोटाला त्या दिवशी लागलं. इथे बनवलेलं जेल इथल्या घरात, पत्र्याखाली, फ्रीजशिवाय टिकलं पाहिजे, हे तेव्हापासून मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहायला लावते.

उपाय तिनेच वाचून काढला: मेणात थोडं पातळ तेल घालायचं. तेलामुळे स्फटिकाची रचना विस्कळीत राहते, आणि त्या विस्कळीत फटींत औषधाला जागा मिळते. पुढच्या उन्हाळ्यात तेल घातलेल्या बॅचची बरणी मुद्दाम त्याच कपाटात ठेवली. जूनमध्ये निळसर झाक तशीच होती.

त्या दिवशी तिने हळूच विचारलं, "मॅडम, थोडं लावून बघू?"

मी नाही म्हटलं. फ्रान्झ सेल या चाचणीच्या काचपात्रातल्या पातळ पडद्यातून औषध सावकाश उतरलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. माणसाच्या कातडीची परवानगी त्याने मिळत नाही. पुढच्या आठवड्यात मी तिला घेऊन नगरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तेच जुनं अ‍ॅडापॅलीन दिलं, लावायची पद्धत तेवढी बदलली: वाटाण्याएवढं, एक दिवसाआड, आधी मॉइश्चरायझर. आम्ही कणाकडून जे करून घेऊ पाहत होतो, ते त्यांनी कॅलेंडरकडून करून घेतलं.

परतताना एसटीत तिने वहीच्या मागच्या पानावर बारा आठवड्यांच्या चौकटी आखल्या. पहिल्या चौकटीत त्याच रात्रीची तारीख टाकली.