सात काचांची गाडी

दाजींनी लातुरात जुनी ट्रॅव्हलर घेतली, तेव्हा ती एका शिकवणीची पोरं ने-आण करून थकलेली होती. सीटांच्या फटीत रबर आणि पेनांची टोपणं निघाली. मागच्या काचेखाली पत्र्यावर कुणीतरी ६५० असं लिहून त्याला तीनदा गोल केलं होतं. तो आकडा वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या गुणांचा, हे लातूरकराला सांगावं लागत नाही. रंग देताना आक्का म्हणाली, तेवढं राहू द्या. म्हणून ते राहिलं.

राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून दाजींच्या डोक्यात हे खूळ होतं. निमित्त मात्र आईचं. तिला माहूर, तुळजापूर, पंढरपूर करायचं होतं आणि भक्तनिवासाचे जिने आता तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. सीटा काढून दोन लांब बाक, एक शेगडी, पाण्याची टाकी. आरटीओची परवानगी, वेल्डिंग, वायरिंग सगळं दीड महिन्यात उरकलं. अडलो ते पडद्यांपाशी, आणि तिथं चांगले तीन आठवडे अडलो.

चालकाच्या अंगच्या काचा सोडल्या तर सात काचा. मी नांदेडात एका कुशनवाल्याकडून ट्रॅव्हल्सच्या बसला असतात तसले मरून मखमली पडदे शिवून आणले. खाली सोनेरी झालर, वर स्प्रिंग. दिसायला भारदस्त. आईनं चढल्या चढल्या विचारलं, "वरातीची गाडी हाय का रं ही?"

मे महिन्यात नांदेडहून लातूरला निघालो. लोहा मागं पडेपर्यंत कसंबसं निभावलं. सरकत्या काचा उघड्या, वारा भणाणलेला, आणि पडद्यांना फक्त वरून आधार. एक पडदा खिडकीबाहेर जाऊन फडफडायला लागला, दुसरा भाच्याच्या तोंडाला गुंडाळला गेला. अहमदपूरच्या पुढं एका स्प्रिंगचा हूक निसटला आणि मखमल आईच्या मांडीवर येऊन पडली. हात लावला तर कापड तव्यासारखं तापलेलं. ऊन अडवायला लावलेला पडदा स्वतःच शेगडी झाला होता.

लातूरला पोचल्यावर दाजी म्हणाले, "काळी फिल्म मारू. एका तासाचं काम." मी नाही म्हणालो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानं काचेवर फिल्म चिकटवायला मनाई केली. काच बनतानाच रंगीत असेल तर चालते, पण पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत यायला हवा. दाजींचं म्हणणं, एवढ्या गाड्या काळ्या फिरतात त्यांना कोण विचारतंय. प्रत्येक नाक्यावर आईला घेऊन पोलिसांशी हुज्जत घालायची माझी तयारी नव्हती.

कोडं आक्कानं सोडवलं, तेही स्वयंपाकघरातून, आमच्याकडं न बघता. "उन्हाळ्यात दारावर ओलं तरट कुठून लावतो आपण? बाहेरून का आतून?"

आम्ही दोघे शिकलेले गप्प. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडद्यावर पडून त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. मग पडदा मखमली असो की मांजरपाटाचा, उकाडा आतच कोंडतो. ऊन काचेवर पडायच्या आधीच अडवायला हवं. दुसऱ्या दिवशी दाजी शेती-साहित्याच्या दुकानातून शेडनेट घेऊन आले, भाजीच्या रोपांवर टाकतात ती हिरवी, ७५ टक्क्यांची. कडेला जाड पट्टी शिवून त्यात लोहचुंबकाच्या चकत्या घातल्या. गाडी उभी केली की बाहेरून पत्र्याला चिकटवायची, निघताना काढून गुंडाळायची. पहिल्या चकत्यांनी रंगावर ओरखडे काढले, मग त्यांना फडक्याच्या टोप्या शिवल्या. दुपारी गाडीत शिरलो तर फरक हातानं चाचपून सांगता येईल एवढा होता. आम्हाला वाटलं, झालं काम.

परतीच्या वाटेवर मुद्दाम माळेगावला खंडोबाच्या देवळाजवळ मुक्काम केला. मार्गशीर्षात यात्रेच्या वेळी जिथं पाय ठेवायला जागा नसते, तिथं मे महिन्यात आमची एकटी गाडी. रात्री मी पाण्याची कळशी घेऊन बाहेर गेलो. परत येताना पाहिलं तर आत दिवा लागलेला, आणि जाळीआड सगळं स्वच्छ दिसत होतं. आक्का वेणी सोडत होती, आई लुगड्याचा पदर सारखा करत होती. दिवसा त्या जाळीतून आतलं कुणाला दिसत नव्हतं, रात्री दिवा लागला की उलटं. मी बाहेरूनच हाक मारून दिवा मालवायला सांगितला. का, ते सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही. फक्त सकाळी म्हणाली, "आतून जाड कापड लाव बाबा."

आक्का म्हणाली, आईच्या जुन्या लुगड्यांचे करू, घरच्या घरी होतील. मलाही ते गोड वाटलं. आई भडकली. "माझी फाटकी लुगडी गावोगाव मिरवता का? वाकळ शिवा, नाहीतर पोछा करा. खिडकीला नवं कापड आणा."

मखमल परत लावायला तिचा आणखी एक विरोध होता. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ जण गेले, त्या बातम्या तिनं दिवसभर टीव्हीवर पाहिल्या होत्या. दार दबलं होतं आणि वाचलेले काच फोडून बाहेर पडले, एवढं तिच्या पक्कं लक्षात होतं. गाडी दाखवायला आणली तेव्हा तिनं बाकाच्या आधी विचारलं होतं, "खिडकी कुठून उघडती?" मखमलीत बहुतेक धागा पॉलिस्टरचा, आगीत तो वितळून अंगाला चिकटतो. तेव्हा सुतीच हवं, आणि एका हिसक्यात निघेल असं.

नांदेडच्या खादी भांडारातून जाड पांढरट खादी घेतली. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं नाव तिरंग्यासाठी देशभर आहे, आणि झेंड्याचं कापड विणलं जातं ते आमच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला. ते कापड अर्थातच वेगळं, पण दाजींना तेवढ्यावरून उदगीरचा अभिमान मिरवायला मिळाला. एकेरी खादीतून दिव्याच्या उजेडात सावली दिसते, म्हणून बाहेरच्या अंगाला गडद निळं सुती अस्तर.

शिवायला लातूरच्या गंजगोलाईतल्या एका म्हाताऱ्या टेलरकडं गेलो. मी मापं लिहून नेली होती, लांबी-रुंदी. त्यानं कागद न वाचताच परत दिला. "खिडकीचे कोपरे गोल असतील ना साहेब? फर्मा आणा." घरी येऊन सातही काचांवर वर्तमानपत्रं चिकटवून कापली. एकीचं माप दुसरीशी जुळेना. शाळेतल्यासारखे आकडे टाकून सात फर्मे त्याला नेऊन दिले, पण अस्तर कुठल्या अंगाला, ते कागदावर लिहायचं राहिलं. दोन पडदे उलटे शिवले गेले. चूक माझी होती, तरी त्यानं शिलाई पुन्हा घेतली नाही, चहा मात्र माझ्याकडून घेतला.

वर वेल्क्रोची पट्टी, खाली दोन टिचबटणं. खालून ओढला की सगळा पडदा हातात येतो. भाच्यानं प्रयोगादाखल सातही उपटून दाखवले आणि परत लावायच्या वेळी पळून गेला.

आईच्या बाकाशेजारच्या खिडकीला मधोमध आणखी दोन टिचबटणं आहेत. पडदा खालून दुमडून अर्ध्यावर अडकवायला. पडून बघितलं की बाहेरचं दिसलं पाहिजे, हा तिचा हट्ट. तुळजापूरला जाताना ती खालच्या अर्ध्या काचेतून सोयाबीनची रानं मोजत होती आणि वरच्या अर्ध्यातलं ऊन तिच्या तोंडावर येत नव्हतं.

शेडनेटचा उरलेला तुकडा आक्कानं गच्चीवर कोथिंबिरीवर टाकला आहे. तो परत मागायचा नाही, असं दाजींना बजावलंय.